मोबाइलवरून दूरचा संगणक : फुकट कुठपर्यंत आणि विकत कुठून?

प्रश्न : मी इचलकरंजीत राहते आणि घरूनच काही यंत्रमागधारकांचे व सूत व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. माझा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) संगणक घरी आहे. काही पेढ्यांचे हिशेब मात्र त्यांच्या दुकानातल्या संगणकावरच ठेवलेले आहेत. बाहेर असताना मोबाइलवरून या संगणकांना जोडून घेण्यासाठी मी एक प्रसिद्ध परदेशी ॲप बरीच वर्षे फुकट वापरत आले. गेल्या महिन्यात ११ तारखेला, जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरण्याच्या शेवटच्या दिवशी, ‘व्यावसायिक वापराचा संशय’ अशी सूचना आली आणि जोडणी दर काही मिनिटांनी तुटू लागली. संगणक माझा, मोबाइल माझा, मग हा वापर खासगी का नाही? भाचा म्हणतो, ‘खासगी वापरच आहे’ असा फॉर्म कंपनीला भरून पाठव, नाहीतर टेलिग्रामवर सगळे खुले केलेले ॲप मिळते ते घे. लायसन्स विकत घ्यायचेच असेल तर ते मी घ्यायचे की पेढ्यांनी? आणखी एक. गडहिंग्लजला माझी आई एकटी असते. तिच्या फोनमध्येही हेच ॲप टाकलेले आहे आणि तिला काही अडले की मी इथून तिचा फोन चालवते. तेही आता बंद करावे लागेल का?

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :

सप्रेम नमस्कार, ताई.

रिटर्नच्या शेवटच्या दिवशी जोडणी तुटत राहणे म्हणजे काय असते, हे हिशेबाचे काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तुमचा वैताग रास्त आहे. तरीही आधी स्पष्ट सांगते : पेढ्यांचे काम मोफत खासगी लायसन्समध्ये बसत नाही आणि तो फॉर्म तुम्ही भरू नये. मात्र याचा अर्थ उद्याच त्या कंपनीची वर्षाची वर्गणी भरून टाकावी असाही नाही. तुमच्या कामातला मोठा भाग एक पैसाही न देता आणि कोणतीही अट न मोडता होऊ शकतो, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. आईच्या फोनची गोष्ट या दोन्हींपेक्षा निराळी आहे. तिथे प्रश्न पैशांपेक्षा सुरक्षिततेचा आहे.

‘संगणक माझा, मोबाइल माझा’ हा तुमचा मुद्दा पहिल्यांदा पटण्यासारखा वाटतो, पण लायसन्सच्या करारात मालकी कोणाची हे विचारलेलेच नसते. वापर कशासाठी होतो हे विचारलेले असते. घरच्या शेगडीवर, घरच्याच स्वयंपाकघरात कोणी डब्यांचा व्यवसाय करू लागले, तर तिथे १४.२ किलोची घरगुती टाकी चालत नाही, १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी लागते. शेगडी आपली आहे एवढ्याने तो नियम बदलत नाही. इथेही तसेच आहे. टीमव्ह्यूअर आणि ॲनीडेस्क ही दोन्ही जर्मन कंपन्यांची, आपल्याकडे सर्वाधिक ओळखीची ॲप खासगी वापरासाठी मोफत आहेत, आणि खासगी म्हणजे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या, मित्रमंडळींच्या उपकरणांवर, कोणताही मोबदला न घेता केलेला वापर. नोकरी करणारा माणूस घरून आपल्या कचेरीच्या संगणकाला जोडून घेतो तेव्हा त्या जोडणीचे वेगळे पैसे कोणी त्याला देत नाही, पण तो वापर व्यावसायिकच धरला जातो. तुम्ही तर पेढ्यांकडून कामाचा मोबदला घेता. त्यामुळे घरच्या संगणकावर पेढीचे व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकणे हादेखील व्यावसायिक वापरच आहे, दुकानाच्या संगणकावर टाकणे तर आहेच.

आता इतकी वर्षे चालले आणि मग एकाएकी अडवले असे का, असे तुम्हाला वाटत असेल. वापर व्यावसायिक आहे की खासगी हे कंपनी माणूस बसवून तपासत नाही. जोडण्या किती होतात, किती वेगवेगळ्या यंत्रांना होतात, त्यांचा एकूण नमुना कसा आहे यावरून यंत्रणा अंदाज बांधते, आणि नेमके निकष या कंपन्या उघड करत नाहीत. हा अंदाज कधी कधी चुकतोही. केवळ आईवडिलांच्या संगणकाला जोडून घेणाऱ्या माणसालाही अशी सूचना आल्याची उदाहरणे भरपूर आहेत, आणि तुमच्या भाच्याने सांगितलेला फॉर्म अशाच लोकांसाठी ठेवलेला आहे. त्यात आपला वापर खासगी आहे असे स्वतःच्या नावाने लेखी द्यावे लागते. तुमच्या बाबतीत यंत्रणेचा अंदाज चुकलेला नाही. ज्या हाताने रोज इतरांच्या विवरणपत्रातले आकडे खरे आहेत याची खातरजमा करता, त्याच हाताने हे खोटे लेखी देऊ नका. शिवाय त्याचा व्यावहारिक उपयोगही थोडाच आहे. वापराचा नमुना तोच राहणार असल्याने काही दिवसांनी पुन्हा तीच सूचना येईल, आणि ती बहुधा कामाच्या गर्दीतच येईल, कारण जोडण्या तेव्हाच वाढतात.

टेलिग्रामवरच्या ‘सगळे खुले केलेल्या’ ॲपबद्दल मात्र मला अधिक कळकळीने सांगायचे आहे, कारण तिथे धोका करार मोडण्यापुरता राहत नाही. दूरवरून संगणक चालवणारे ॲप म्हणजे आपल्या पडद्यावर दिसणारी आणि आपल्या बोटांनी लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट ज्यातून जाते तो मार्ग. तुमच्या बाबतीत त्या मार्गावरून पेढ्यांचे बँक खाते उतारे, पॅन क्रमांक, जीएसटी पोर्टलचे वापरकर्ता नाव आणि पासवर्ड, येणेकऱ्यांच्या याद्या असे सगळे जाते. त्या ॲपमध्ये फेरफार करून पैशांची अट काढून टाकणाऱ्या अनोळखी माणसाने आणखी काय घातले आहे, हे तपासण्याचा तुमच्याकडे किंवा तुमच्या भाच्याकडे कोणताही मार्ग नाही. असे ॲप अँड्रॉइडमध्ये बाहेरून टाकताना फोन जो इशारा देतो तो याचसाठी असतो. कायद्याच्या बाजूनेही इथे फरक पडतो. मोफत लायसन्सची अट मोडणे हा मुख्यतः करारभंगाचा विषय आहे. पण फेरफार केलेली प्रत जाणूनबुजून वापरणे कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ६३ ब खाली गुन्हा ठरू शकते, आणि त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितलेला आहे. या कलमाला जोडलेली सवलत लक्षात घेण्यासारखी आहे : वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायात झालेला नसेल तर न्यायालय कारावास न देता केवळ दंड करू शकते. म्हणजे खासगी आणि व्यावसायिक हा भेद आपल्या कायद्यानेही केलेला आहे, आणि तुम्ही त्याच्या कडक बाजूला उभ्या आहात.

आता मूळ कामाकडे येऊ. लायसन्सच्या किमती पाहण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा : प्रत्येक कामात तुमचा मोबाइल जोडणीच्या कोणत्या टोकाला आहे? मोबाइलवरून संगणक चालवणे आणि दुसऱ्याचा मोबाइल चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. विक्रीच्या पानांवर ‘मोबाइलची सोय’ असे एकच वाक्य असते, पण अनेक योजनांत मोबाइलवरून संगणकाला जोडून घेणे मूळ वर्गणीतच येते आणि दुसऱ्याच्या मोबाइलला जोडून घेण्यासाठी मात्र वेगळी पुरवणी रक्कम पडते. तुमच्या पेढ्यांच्या कामात मोबाइल नेहमी चालवणाऱ्या टोकालाच आहे. त्यामुळे मोबाइल सपोर्टच्या नावाने कोणी पुरवणी विकू लागले तर ती तुम्हाला नको.

घरच्या संगणकाचे आधी पाहू. बाहेर असताना तुम्हाला नेहमी काय लागते, याची एक आठवडाभर नोंद ठेवा. ‘अमक्याची बाकी किती’, ‘तमक्याचे बिल परत पाठवा’ अशी कामे जास्त निघाली, तर त्यासाठी संगणकाचा पडदा मोबाइलवर आणण्याची गरजच नाही. टॅलीप्राइमची (टॅलीच्या सध्याच्या आवृत्तीची) टीएसएस, म्हणजे अद्ययावत सोयींसाठीची वर्गणी चालू असेल तर लेजर, येणीदेणी, विक्रीचे अहवाल मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पाहता येतात आणि उतरवून घेता येतात. घरी संगणक आणि टॅली चालू असली आणि ती कंपनी जोडलेली असली की झाले. ही वर्गणी तुम्ही बहुधा भरतच असाल, कारण जीएसटीच्या अद्ययावत सोयींसाठी ती घ्यावीच लागते. तेव्हा ज्याचे पैसे दिलेले आहेत ते आधी वापरा. पोर्टलवर रिटर्न दाखल करण्यासाठीही दूरची जोडणी लागत नाही. पोर्टल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते, आणि ईव्हीसीचा (सहीऐवजी होणाऱ्या पडताळणीचा) ओटीपी तसाही पेढीच्या मालकाच्या फोनवर जातो.

प्रत्यक्ष व्हाउचर टाकायची असतील, किंवा टॅलीतून जीएसटीआर-१ ची फाइल काढायची असेल, तरच पूर्ण पडदा लागतो. त्यासाठी घरच्या संगणकापुरते क्रोम रिमोट डेस्कटॉप पाहा. गूगलने यात खासगीसाठी मोफत आणि व्यवसायासाठी विकत असे दोन परवाने ठेवलेले नाहीत, त्यामुळे वापराचा नमुना पाहून कोणी मध्येच अडवण्याचा प्रश्न येत नाही. संगणकावर ते बसवून किमान सहा आकडी पिन द्यायची आणि मोबाइलवर त्याच गूगल खात्याने उघडायचे. याची एक मर्यादा आहे. सारी सुरक्षितता त्या एका गूगल खात्यावर उभी राहते, म्हणून त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावल्याशिवाय हे सुरू करू नका, आणि घरातल्या मुलांच्या टॅबवर उघडे असलेले खाते त्यासाठी वापरू नका.

विंडोजमध्येच असलेली रिमोट डेस्कटॉपची सोय हा दुसरा मार्ग. त्यात मोबाइलचे ॲप मोफत आहे, पण ज्या संगणकाला जोडायचे त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्ती बाहेरून जोडणी स्वीकारत नाही. होमवरून प्रोवर जाण्याचे पैसे एकदाच द्यावे लागतात, दरवर्षी नाहीत, आणि पडदा मोबाइलवर फार सफाईने चालतो. तरीही हा मार्ग मी तुम्हाला पहिला सुचवणार नाही. कारण गावातले तंत्रज्ञ अनेकदा राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे या जोडणीचे दार, सरळ इंटरनेटला उघडून देतात आणि काम झाले म्हणून निघून जातात. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, आणि हिशेबाच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे याच दारातून आत शिरतात. हा मार्ग घ्यायचाच असेल तर मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी बंदिस्त खासगी वाट, हवे. वायरगार्ड हे व्हीपीएन मुक्त स्रोताचे (मूळ कोड सर्वांना खुला असलेले) आहे आणि व्यवसायातही मोफत चालते. मात्र व्हीपीएनच्या तयार सेवांच्या मोफत योजनांनाही ‘केवळ खासगी वापर’ अशी अट असू शकते, ती वाचून घ्या, नाहीतर एका अटीतून सुटून दुसऱ्या अटीत अडकाल.

याच संदर्भात आणखी एक सांगते, कारण व्यापारी पेठांत हे सर्रास दिसते. एका साध्या विंडोज संगणकावर एकाच वेळी तीन-चार जणांना बाहेरून बसवून देण्याची युक्ती काही तंत्रज्ञ हजार-दोन हजारांत करून देतात. विंडोजच्या साध्या लायसन्समध्ये एका वेळी एकच जण बसू शकतो. अधिक जणांसाठी विंडोज सर्व्हर आणि प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा उपकरणाचा वेगळा प्रवेश परवाना लागतो. टॅलीतही सिल्व्हर लायसन्स एका संगणकासाठी आणि गोल्ड अनेकांसाठी असे सरळ आहे. एखाद्या पेढीने तुम्हाला अशा जुगाडातून जोडणी दिली असेल, तर ती वापरणाऱ्यांत तुमचेही नाव आहे हे ध्यानात ठेवा.

आता दुकानातल्या संगणकांकडे. तिथे टॅली पेढीच्या नावावर असेल आणि तिची टीएसएस वर्गणी चालू असेल, तर मालकांना सांगून त्या कंपनीत तुमच्यासाठी टॅली डॉट नेटचा (टॅलीच्याच दूरजोडणीच्या सोयीचा) वापरकर्ता तयार करून घ्या. मग तुमच्या घरच्या टॅलीप्राइममधूनच त्या पेढीच्या हिशेबात दूरवरून जाता येते, व्हाउचर टाकता येतात, आणि दुकानाच्या संगणकाचा पडदा, त्यावरचे मालकांचे खासगी फोटो, बँकेची उघडी पाने यांपैकी काहीच तुमच्या नजरेस पडत नाही. मला ही गोष्ट लायसन्सच्या बचतीपेक्षाही मोठी वाटते. तुम्हाला हिशेब हवे आहेत, पूर्ण संगणक नको आहे. जेवढे लागते तेवढ्याचीच परवानगी असली की पुढे काही गडबड झाल्यास संशयही तेवढ्यापुरताच राहतो. मोबाइलवरून हे करायचे तर मोबाइलवरून घरचा संगणक उघडायचा आणि त्यावरच्या टॅलीतून पेढीच्या कंपनीत जायचे. दोन टप्पे पडतात, थोडे संथ होते, पण चालते, आणि या साखळीत कुठेही ‘खासगी वापर’ असे खोटे सांगावे लागत नाही.

हे सर्व करूनही काही पेढ्या उरतील : जिथे टॅलीची वर्गणी थकली आहे, जिथे प्रिंटर बिघडल्याचाही फोन तुम्हालाच येतो, जिथे मुनीमजींना पडद्यावर बोट ठेवून दाखवावे लागते. त्या कामासाठी मात्र व्यावसायिक लायसन्स घ्या, आणि ते तुमच्या नावावर घ्या. कारण या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे जो जोडून घेतो त्याच्याकडे लायसन्स असावे लागते. ज्याच्या संगणकाला जोडले जाते त्याने फक्त छोटे मोफत ॲप उघडून क्रमांक सांगायचा असतो. प्रत्येक पेढीने वेगळे लायसन्स घेण्याची गरज नाही, आणि एखाद्या पेढीचे लायसन्स वापरून तुम्ही दुसऱ्या पेढीला जोडून घेणे तर करारात बसणारच नाही. खर्च तुमच्या शुल्कात धरा. सर्व पेढ्यांत तो वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही, आणि ‘दूरजोडणी खर्च’ अशी वेगळी ओळ बिलात दाखवली तर समजूतदार मालक कुरकुर करणार नाहीत.

विकत घेताना कोणत्या ओळी वाचायच्या, ते थोडे सविस्तर सांगते. वर्गणी वापरकर्त्यांच्या संख्येवर आहे, यंत्रांच्या संख्येवर आहे की एकाच वेळी चालणाऱ्या जोडण्यांच्या संख्येवर आहे, हे पहिले पाहा. तुम्ही एकट्या आहात आणि एका वेळी एकाच संगणकावर असता, म्हणून एका वापरकर्त्याची, एका जोडणीची योजना पुरते. मात्र ज्या स्वस्त योजनेत फक्त ठरावीक दोन-तीनच यंत्रांना जोडता येते ती तुमच्या उपयोगाची नाही. तेच लायसन्स मोबाइल आणि संगणक अशा दोन्हींवर तुमच्याच नावाने चालते का, हे लेखी विचारून घ्या. संकेतस्थळावर दर महिन्याचा दिसतो, पण रक्कम अनेकदा पूर्ण वर्षाची एकदम कापली जाते. परदेशी कंपनीकडून घेताना १८ टक्के जीएसटीचा हिशेबही धरा : तुमची स्वतःची नोंदणी नसेल तर विक्रेत्याने तो कर लावून घ्यायचा असतो, आणि नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जने (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याच्या पद्धतीने) तुम्ही भरून नियमांनुसार क्रेडिट घ्यायचे, हे तुम्हाला मी सांगायला नकोच. रुपयांत बिल आणि साधा जीएसटी इनव्हॉइस हवा असेल तर चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो असिस्ट पाहता येईल. त्याचीही मोफत योजना खासगी वापरापुरतीच आहे, व्यवसायासाठी विकतचीच घ्यावी लागेल.

दूरजोडणीचेच, पण मुक्त स्रोताचे रस्टडेस्क तुमच्या कानावर आले असेल किंवा लवकरच येईल. ते एजीपीएल या मुक्त स्रोताच्या परवान्याखाली आहे आणि तो परवाना व्यावसायिक वापराला आडकाठी करत नाही. पण त्याचा खरा फायदा स्वतःचा सर्व्हर चालवला तर मिळतो, आणि तो अद्ययावत ठेवणे, बंद पडला तर पुन्हा उभा करणे हे कोणालातरी करावे लागते. ११ तारखेच्या रात्री ते काम करणारा विश्वासू माणूस तुमच्याजवळ असेल तर अवश्य विचार करा. नसेल तर आज नको.

पैसे भरण्याआधी चाचणीच्या मुदतीत एक गोष्ट स्वतः करून पाहा. टॅली जवळजवळ सगळी कीबोर्डवर चालते : पेमेंटसाठी एफ ५, जर्नलसाठी एफ ७, विक्रीसाठी एफ ८, स्वीकारण्यासाठी कंट्रोल आणि ए. मोबाइलच्या कीबोर्डवर या कळा नसतात. काही ॲप पडद्याच्या कडेला अशा कळांची एक पट्टी देतात, काहींत ती तीन स्पर्शांच्या आड लपलेली असते, आणि एका व्हाउचरला तीन-चार वेळा ती उघडावी लागली की हात शिणतो. तुमच्याच मोबाइलवर, तुमच्याच नेटवर, पाच व्हाउचर टाकून पाहा. विक्रेत्याच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ती पाच व्हाउचर जास्त सांगतील. छोटा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला तर यातली बरीच अडचण सुटते.

वर्गणीच्या आपोआप नूतनीकरणाबद्दलही सावध राहा. कार्डावरच्या अशा वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावे लागते आणि १५ हजार रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला सर्वसाधारणपणे दर वेळी तुमची संमती लागते. परंतु बँकेत वसुली थांबवली म्हणजे करार संपला असे होत नाही. काही कंपन्यांच्या करारात मुदत संपण्याच्या काही आठवडे आधी लेखी कळवले नाही तर पुढच्या वर्षाची रक्कम देणे लागते. घेतानाच ती तारीख पाहून ठेवा आणि रिटर्नच्या तारखांच्या यादीत लिहून टाका.

पैसे भरले म्हणजे सुरक्षितता आपोआप येते, असा मात्र समज करून घेऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲनीडेस्कने आपल्या यंत्रणांत घुसखोरी झाल्याचे जाहीर करून लोकांना पासवर्ड बदलायला सांगितले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरने आपल्या कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे सांगितले. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी, प्रत्येक पेढीसाठी वेगळा पासवर्ड, आणि दुकानात कोणी नसताना जोडणी घेण्याची कायमची परवानगी शक्यतो न ठेवणे, हे फुकट असो वा विकत, तुम्हालाच करायचे आहे.

आता आईंबद्दल. लायसन्सच्या दृष्टीने मुलीने आईच्या फोनला जोडून घेणे हा निखळ खासगी वापर आहे आणि त्यासाठी कोणी पैसे मागू शकत नाही. अडचण एवढीच की त्याच खात्यातून, त्याच फोनवरून तुम्ही पेढ्यांचेही काम केले, म्हणून संशय सगळ्याच वापरावर आला. पेढ्यांचे काम तिथून काढले की हा गुंता सुटेल. पण तरीही ते ॲप आईंच्या फोनमध्ये कायम ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. अँड्रॉइडवर दुसऱ्याला फोन चालवू द्यायचा तर त्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते, आणि ही परवानगी म्हणजे पडद्यावरचे वाचण्याची व बोट लावण्याची मुभा. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेला इशारा नेमका अशाच ॲपच्या आडून यूपीआय खाती रिकामी करण्याबद्दल होता, आणि ती पद्धत आजही चालू आहे. बँकेतून बोलतो, वीज मंडळातून बोलतो, पेन्शनचे काम आहे असे सांगून अनोळखी माणूस म्हाताऱ्या माणसाकडून ॲप उतरवून घेतो आणि क्रमांक विचारतो. ज्या आईच्या फोनमध्ये ते ॲप आधीच आहे आणि ‘लेक विचारते तेव्हा तो क्रमांक सांगायचा असतो’ अशी सवय जिला लागली आहे, तिच्या बाबतीत त्या माणसाचे अर्धे काम आपणच करून ठेवलेले असते.

त्याऐवजी व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल वापरा. त्यात २०२३ पासून पडदा दाखवण्याची सोय आहे. आई पडदा दाखवतील, तुम्ही सांगाल आणि बटण त्याच दाबतील. वेळ थोडा जास्त लागेल, पण हळूहळू त्यांना स्वतःला जमू लागेल, आणि दुसऱ्या कोणाला त्यांचा फोन चालवता येणार नाही. पडदा दाखवत असताना मात्र बँकेचे ॲप उघडू नये आणि ओटीपी पाहू नये, एवढे त्यांना समजावून सांगा. त्यांच्याकडे आयफोन असेल तर इतर कंपन्यांच्या ॲपना तो दूरवरून चालवता येतच नाही, फक्त पाहता येतो. त्यासाठी कोणी विकतचे लायसन्स सुचवले तर पैसे वाया जातील. दोघींकडे आयफोन असतील आणि दोन्हींवर आयओएस १८ किंवा त्यापुढचे असेल, तर फेसटाइमच्या कॉलमध्येच ही सोय मोफत आहे.

पुढच्या वेळी गडहिंग्लजला जाल तेव्हा आईंच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन त्या ॲपची आणि त्याच्या सोबतच्या पूरक ॲपची परवानगी बंद करा, मग दोन्ही काढून टाका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये नावासकट जतन करून ठेवा, आणि कधी पैसे गेल्याची शंका आली तर तुम्हाला फोन करण्याच्याही आधी त्या क्रमांकावर करायचा, हे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.